सायकलच्या पोटाखालचं नाव

माझा थोरला दीर नाशकातल्या तांबट आळीत भांड्यांवर नावं घालायचा. त्याच्यासारखा हात त्या वेळी आळीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याच्याबद्दल मला एवढंच चांगलं सांगता येतं, म्हणून ते आधी सांगून टाकते.

लग्नसराईत त्याच्या दुकानापुढे लोक हंडे-कळशा घेऊन तिष्ठत बसत. भांडं मांडीवर उपडं घालायचा, बारीक छिन्नी टेकवायचा आणि हातोडीनं टिकटिक करत एकेक ठिपका उठवत अक्षर काढायचा. पण त्याआधी भांड्यावरून अंगठा फिरवायचा. मोडीतून घेतलेल्या भांड्यावर आधीच्या मालकाचं नाव घासून काढलेलं असलं, तर ते डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागतं. ही सगळ्या आळीचीच सवय. पुढे याच अंगठ्यानं त्याचा घात केला आणि तो मी ठरवून करवला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप एका निराळ्याच गोष्टीचा आहे.

माझे वडीलही तांबट. ते नावं घालणारे नव्हते, ठोक्याचं काम करणारे होते. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उठवतात त्याला मठार म्हणतात. बाबांचा मठार इतका सारखा असायचा की उन्हात ठेवलेल्या हंड्याकडे बघवायचं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा जावयाला काय द्यावं म्हणून ते पंधरा दिवस झुरले. शेवटी देवळालीच्या कॅम्पातून परत विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या पाद्र्याची जुनी सायकल त्यांनी आणली. तिचा मागचं चाक धरणारा चिमटा तडकला होता. बाबांनी तो पितळ ओतून सांधला. सांधा झाल्यावर हात राहवेना, म्हणून त्या बोटभर पितळेवर मठारही काढला. आई म्हणाली, "सायकल आहे की घंगाळ?"

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी सायकल उलटी केली. पायडलचा आस ज्या जाड नळीत फिरतो, तिच्या पोटाखाली छिन्नी लावली. बाबांना अक्षरं जेमतेम यायची, त्यामुळे एकेक ठिपका देताना जीभ बाहेर यायची. मला तर तेव्हा अक्षरओळखही नव्हती. मी विचारलं, "हे काय?"

"तुझं नाव. लेकीला दिलेल्या भांड्यावर लेकीचं नाव असतं. सायकल जावयाला दिली म्हणायची, पण आहे तुझी. तिकडे कुणाला सांगू नको, मानपानाला लागेल."

"माझं नाव एवढं लांब आहे?"

"नाव आहे, आणि पुढं मला सांगायचंय ते आहे. वाचायला शिकशील तेव्हा वाच."

मग त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घातली. पुढच्या पाच वर्षांत यजमानांना दाखवावं असं माझ्या दहादा मनात आलं. पण बापाच्या डोक्यावरची शपथ मोडायची म्हणजे काय, या भीतीनं मी गप्प राहिले.

यजमान चांगले होते. सायकलला दोन्ही बाजूंनी भांडी बांधून दिंडोरीच्या नाहीतर गिरणाऱ्याच्या बाजाराला जायचे. पहाटे तपोवनाच्या वाटेवर कुणी नसायचं, तिथे त्यांनी मला चालवायला शिकवलं. पुरुषांची सायकल, मध्ये आडवा दांडा. पण नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की दांड्याचं काही वाटत नाही. उलट नव्या पाचवारीवाल्या बायकांनाच ते जमलं नसतं. एकदा मी थेट गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटापर्यंत चालवत गेले, तेव्हा हे मागून पळत हसत होते. तेवढं एक हसणं माझ्याजवळ आहे.

सन तीसच्या सुमाराला ते विषमज्वरानं गेले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सायकल गायब झाली. दिरानं आळीच्या तोंडाशी उभं राहून आरडाओरडा केला, "आमच्या घरातली सायकल हिनं रातोरात माहेरी पोचवली. भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर हिनं बापाचं घर भरलं!" मग गंगेवर जाऊन, ओंजळीत पाणी घेऊन, चार माणसांसमोर शपथ घेतली की आपण त्या सायकलला बोट लावलेलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अशा प्रत्यक्ष ऐकल्या.

एवढ्यावर तो थांबला नाही. दोघांना घेऊन बाबांच्या घरी गेला. त्यांच्या भट्टीमागे, कोळशाच्या ढिगात, आईच्या पेटीत, सगळीकडे शोधलं. बाबा हातात सांडशी धरून नुसते उभे होते. दुसऱ्या दिवशी ते समजूत घालायला आमच्या आळीत आले, तर दिरानं त्यांना ओट्यावर चढू दिलं नाही. चैत्रातलं ऊन, अनवाणी पाय. मी आतून बघत होते, मला बाहेर यायची बंदी होती. ते तासभर उभे राहिले आणि परत गेले. पुन्हा त्यांनी तांबट आळीत पाऊल टाकलं नाही. तांबटानं तांबट आळीत जायचं सोडलं तर त्याचं राहतं काय? दोन पावसाळे काढले आणि ते गेले. वैद्यानं काहीही नाव दिलं असो, माझ्या बापाला त्या तासाच्या उन्हानं मारलं, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

"चोर सून घरात नको," म्हणून मलाही बाहेर काढलं. मी चोवीस-पंचवीस वर्षांची घोडी लहान मुलींबरोबर पाटी घेऊन बसले. अक्षरं शिकले, मग सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि दवाखान्यात नोकरीला लागले. बाळंतिणींच्या घरी पायी जायचं. सहा वर्षं मी आळीवरून जाता-येता एकच गोष्ट घोकली, की हा माणूस एक दिवस सगळ्यांदेखत खाली मान घालील. लोक जपमाळ ओढतात, तशी मी ती ओढली.

नाशकातच द्वारका नावाच्या नाक्याजवळ, आग्रा रोडला लागून, मालेगावच्या एका मुसलमान मिस्त्रीनं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पांढरी दाढी, डोळ्याला चष्मा, एक भिंग तडकलेलं. कामासाठी एखादी जुनी सायकल मिळते का ते बघायला मी गेले. मागच्या भिंतीला पाच-सहा सांगाडे टेकवलेले होते. त्यांत एक हिरव्या रंगानं माखलेला होता. पुढच्या नळीवरचा कंपनीचा पितळी बिल्ला उपटलेला, नुसती दोन भोकं राहिलेली. पुढच्या टायरवर वरून दाबणारा चमच्यासारखा ब्रेक होता.

"बाई, उसको हात मत लगाव. कंडम झालीय ती," मिस्त्री म्हणाला. "लढाईच्या आधीची गाडी हाय. असा ब्रेक आता कोण ठेवतो? मालेगावात एक मोमीन विणकर सूत वाहायचा हिच्यावर. भंगारमध्ये आणलीय मी."

आमच्या सायकलला अगदी तसाच ब्रेक होता, त्यानंच मला थांबवलं होतं. मी वाकले आणि मागच्या चिमट्यावरून अंगठा फिरवला. रंगाच्या जाड थराखाली बारीक बारीक खळगे लागले. एका ओळीत, एकसारखे. मी तिथेच जमिनीवर बसले. मिस्त्रीला वाटलं चक्कर आली, म्हणून त्यानं पाणी आणलं. मी पाणी न पिता त्याच्याकडून कानस मागितली आणि तिथला रंग खरवडला. खालून पिवळं पितळ निघालं, मठार काढलेलं. जगात कुठलाही सायकलवाला सांध्यावर मठार काढत नाही.

मग मी सायकल उलटी केली. पोटाखालचा रंग खरवडला. रंगाखाली काही नव्हतं. नळी गोल असते, पण तिथे दोन बोटं जागा सपाट होती. कुणीतरी नीट, मन लावून, कानशीनं घासली होती.

त्या क्षणी सगळं उलगडलं. भाऊ गेल्यावर दिरानं सायकल उलटी केली असणार आणि माझं नाव दिसलं असणार. नाव असलेली वस्तू माझी, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून यानं नाव घासलं, सायकल लांब मालेगावला विकली आणि वर माझ्या बापाच्या घराची झडती घेतली. मी इतकी संतापले की माझे दात एकमेकांवर वाजले. मिस्त्रीला मी सगळं सांगितलं. तो दाढीवरून हात फिरवत ऐकत राहिला.

तांबटाच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. घासलेलं नाव गेलेलं नसतं. छिन्नीचा ठोका धातूला खोलवर दाबतो, वरचं घासलं तरी आतला दाब राहतो. चोरीच्या भांड्यावर तेजाब लावलं की घासलेली अक्षरं थोडा वेळ वर येतात. मी हे तांब्यावर पाहिलं होतं. लोखंडाचं मिस्त्रीनं सांगितलं, कॅम्पातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं त्याला एकदा दाखवलं होतं.

"लोखंडावर पण येतं, बाई. पण ध्यान से सुनो. एकदाच येतं. अक्षर दिसलं की लगेच वरून पाणी ओतायचं, पुसायचं, तेल लावायचं, मग टिकतं. जरा उशीर केला तर तेजाब आतलं पण खाऊन टाकतं. मग अल्ला पण वाचू शकत नाही. अभी निकालू? तुमचे वालिदचे अक्षर हायेत. बघून घ्या."

बाटली त्याच्या फळीवर होती. मी आता वाचू शकत होते. बाबांनी सांगितलेलं वाचायचा तो क्षण होता. आणि मी म्हणाले, "नाही. त्याच्यासमोर काढायचं."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, गुस्सा बुरी चीज हाय," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

दोन महिने आम्ही त्या सायकलवर राबलो. दवाखान्यातून सुटले की मी जायची. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं हिरवा रंग काढला, त्याखाली शेंदरी निघाला, त्याखाली मूळचा काळा. माझी बोटं सोलवटली. चेन आणि छर्रे रॉकेलात भिजत घातले. पितळी घंटी मी चिंच आणि राखेनं घासली, घरच्या रीतीनं. चाकांच्या तारा मिस्त्रीनं एकेक ताणून बसवल्या, प्रत्येक तार नखानं छेडून तिचा आवाज ऐकायचा. पुढच्या चाकाचा आस कुठे मिळेना, तो त्यानं मालेगावहून मागवला. चिमट्यावरचं पितळ मात्र मी त्याला रंगवू दिलं नाही. आणि पोटाखालची सपाट जागा मी काळ्या रंगानं अशी झाकली की उलटी करून पाहिली तरी कुणाला संशय येऊ नये. सायकल जसजशी उजळत गेली तसतसा माझा राग निवत जाईल असं मिस्त्रीला वाटत होतं. पण माझा राग तिच्याबरोबरच चकचकीत होत गेला.

अक्षय्यतृतीयेच्या आधीचा दिवस मी निवडला. लग्नाची भांडी घ्यायला सगळं शहर आळीत लोटतं. सकाळी दहाच्या सुमाराला, काष्टा मारून, आळीच्या मधोमध सायकल चालवत गेले. कुंकू नसलेली बाई सायकलवर! ठोके पडायचे थांबले. मिस्त्री टोपी सावरत मागून चालत आला, त्याच्या पिशवीत बाटली होती. दिराच्या दुकानापुढे वीस-पंचवीस माणसं भांडी घेऊन बसलेली. मी उतरले.

"भाऊजी, नाव घालून हवंय."

त्यानं वर पाहिलं. आधी मला, मग सायकलला. चिमट्यावरच्या पितळेवर त्याची नजर गेली आणि तोंडावरचा रंग उडाला. पण गिऱ्हाइकांदेखत नाही म्हणायची सोय नव्हती. तो ओट्यावरून उतरला. कुणी न सांगता सायकल उलटी केली आणि सवयीनं अंगठा पुढे केला. तो अंगठा ना दांड्यावर गेला, ना हँडलवर. थेट पोटाखाली गेला आणि त्या दोन बोटं जागेवर फिरू लागला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी मोठ्यानं विचारलं, सगळ्या आळीला ऐकू जावं म्हणून, "भाऊजी, नाव वरच्या दांड्यावर घालतात. खाली काय चाचपडताय? तुम्ही तर हिला कधी बोट लावलं नाही, गंगेचं पाणी हातात घेऊन सांगितलंत!"

निखारा लागल्यासारखा त्यानं हात मागे घेतला. समोरचा एक म्हातारा तांबट, माझ्या बाबांच्या बरोबरीचा, दुकानातून उठून आला. त्यानं स्वतः अंगठा फिरवला आणि म्हणाला, "घासलंय इथं काहीतरी."

"आहेच घासलेलं," मी म्हणाले. "तेजाब लावा, मिस्त्री."

मिस्त्रीनं चाकूनं रंग काढला, काचपेपर मारला आणि काडीला कापूस गुंडाळून तेजाब फिरवलं. माझ्या हातात पाण्याचा लोटा होता. अक्षर दिसलं की ओतायचं, एवढंच माझं काम. तेजाबाचा वास सुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. भांडी घ्यायला आलेले एक शाळामास्तर सगळ्यांत पुढे होते. "आलं, आलं," कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. माझं नाव. माहेरचं नाव, जे लग्नात बदललं गेलं आणि बाबा गेल्यापासून आईखेरीज मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

एकच ओरडा झाला. कुणी म्हणालं "शरम नाही वाटत?", कुणी म्हणालं "गंगेची शपथ घेतली होतीस रे!" म्हातारा तांबट दिराच्या पायाशी थुंकला. आणि मी दिराच्या तोंडाकडे पाहत होते. सहा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर घडत होतं. त्याचा खालचा ओठ लोंबला. मान हळूहळू खाली गेली. मला त्यातलं कणभरही चुकवायचं नव्हतं. बाबा उन्हात उभे होते तो तास मी त्याच्या चेहऱ्यावरून मोजून घेत होते.

"बाई, पानी!" मिस्त्री ओरडला. "पानी डालो!"

मी खाली पाहिलं तेव्हा लोखंडावर नुसता करडा डाग होता. मी लोटा ओतला. पुसलं. मिस्त्रीनं तेल चोळलं. मी गुडघ्यावर बसून डोळे लावले, अंगठा फिरवला. काही नव्हतं. एक ठिपकासुद्धा नव्हता.

आळीनं त्या दिवशी जे करायचं ते केलं. त्याच्याकडे नाव घालायला कुणी जाईना. त्याच्या मांडीवरचं भांडं उचलून लोक दुसऱ्या दुकानात गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे वर्षभरात त्यानं दुकान बंद केलं. माझ्या बापावरचा डाग धुतला गेला, म्हातारे तांबट येऊन आईच्या पाया पडले. हे सगळं मला हवं होतं आणि ते मला मिळालं. गोड लागलं, खोटं बोलत नाही.

चार दिवसांनी मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, "नावापुढे काय होतं?"

"होतं काहीतरी. दोन-तीन शब्द होते. पण लोकांनी गलका केला, मी वळून बघितलं. तेवढ्यात..." ते ओशाळले. मी त्या दिवशी तिथे असलेल्या आणखी बाराजणांना विचारलं. एकाला "सुखी" असा शब्द दिसल्यासारखा वाटला. एकीला वाटलं देवाचं नाव होतं. म्हातारा तांबट म्हणाला, माझ्या डोळ्याला आता जवळचं दिसत नाही. मिस्त्रीनं सगळं अगदी जवळून पाहिलं होतं, पण त्याला उर्दूच वाचता यायची. आपल्याला अक्षरं कळत नाहीत याचं त्याला माझ्याहून जास्त वाईट वाटलं.

त्या सायकलवरून मी पुढे किती बाळंतपणं केली याची गणती नाही. रोज आळीतून जाताना दिराच्या बंद दुकानापाशी घंटी वाजवायची, हा माझा नेम होता. तो ओट्यावर बसलेला असायचा. घंटी ऐकली की मान खाली घालायचा.

एक माणूस होता ज्यानं तो मजकूर पुरता वाचला होता. चांगल्या उजेडात, सावकाश, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत. घासण्याआधी वाचल्याशिवाय त्याच्यासारख्या हाताला राहवलंच नसतं. पुढे काही वर्षांनी तो अंथरुणाला खिळला तेव्हा जाऊबाई माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "हे म्हणतात, तिला एकदा पाठवा. तिच्या बापानं काय लिहिलं होतं ते सांगायचंय."

मी म्हणाले, "माझ्या बापाचा शब्द मला त्याच्या तोंडून नको."

जाऊबाई दोन दिवसांनी पुन्हा आल्या, तेव्हाही मी तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत, त्यांच्या घरून तो गेल्याचा निरोप आला. लोकांना मी आजही सांगते की मी केलं ते बरोबर केलं. पण सायकल अजून माझ्या पडवीत आहे, आणि पुसायला उलटी केली की माझा अंगठा आपोआप त्या दोन बोटं जागेवर जातो.